प्रोमो बघून टास्क कोण जिंकणार ते कसं ओळखायचं: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

रिअॅलिटी शोचा एपिसोड संपतो, ‘पुढच्या भागात’ म्हणून ३० सेकंदांचा प्रोमो येतो, कोणीतरी पाण्यात आपटतं, होस्ट ओरडतो, रात्री आगीजवळ कोणीतरी रडत बसलेलं दिसतं आणि मग आठवडाभर घरच्यांशी नि मित्रांशी वाद चालतो की टास्क कोण जिंकलं असेल. मी हे बरीच वर्षं करतोय. सुरुवातीला माझे अंदाज सारखे चुकायचे आणि कारण एकच होतं, प्रोमो मला जी गोष्ट सांगत होता ती मी मुकाट्याने ऐकत होतो. प्रोमो कापणाऱ्या माणसाचं काम तुम्हाला पुढच्या एपिसोडला टीव्हीसमोर बसवणं हे आहे, आणि बहुतेक वेळा त्याला निकाल माहीत असतो.

म्हणून माझी सगळी पद्धत एका प्रश्नावर उभी आहे: ही गोष्ट एडिटरच्या हातात होती का? चेहऱ्यांचा क्रम, संगीत, कोणाचं वाक्य कुठे टाकायचं, हे सगळं त्याच्या हातात असतं. ओले कपडे, गळ्यातला इम्युनिटी नेकलेस (टास्क जिंकणाऱ्याला मिळणारा, त्या वेळी बाहेर जाण्यापासून वाचवणारा हार), पझलच्या टेबलावर उरलेले तुकडे, हे त्याच्या हातात नसतं, तो फार तर लपवू शकतो. अंदाज बांधायचा तो या दुसऱ्या प्रकारच्या गोष्टींवर.

मी उदाहरणं जास्त करून सर्व्हायव्हर या अमेरिकन शोची देणार आहे कारण तो २००० पासून चालू आहे आणि त्याचे नियम बऱ्याच जणांना माहीत असतात, पण टीम, टास्क आणि एलिमिनेशन असलेल्या कुठल्याही शोला हेच लागू पडतं.

काय काय लागतं

- प्रोमोची सगळ्यात चांगल्या क्वालिटीची कॉपी, १०८० मिळाली तर उत्तम. कमी क्वालिटीत बारीक गोष्टी धूसर होतात आणि मग आपल्याला हवं ते दिसायला लागतं
- कॉम्प्युटर. मोबाइलवर फ्रेम थांबवता थांबवता वैताग येतो
- फ्रेम पुढेमागे करता येईल असा प्लेयर. यूट्यूबवर व्हिडिओ पॉज करून पूर्णविरामाचं बटण दाबलं की एक फ्रेम पुढे, स्वल्पविरामाचं दाबलं की एक फ्रेम मागे. व्हीएलसीमध्ये कीबोर्डवरचं ‘ई’ दाबत राहायचं
- उरलेल्या खेळाडूंची यादी: कोण कुठल्या टीममध्ये, टीमचा रंग कुठला, मागच्या एपिसोडला कोणी काय घातलं होतं, कोणाला कुठे लागलं होतं
- एक वही किंवा स्प्रेडशीट. हे टाळू नका, का ते शेवटच्या दोन पायऱ्यांमध्ये येईल

१. आधी हा कुठला प्रोमो आहे ते ठरवा

सगळे प्रोमो सारखे नसतात आणि नवीन माणूस पहिली चूक इथेच करतो. सीझन सुरू व्हायच्या आधी येतो तो ट्रेलर, त्यात दहा वेगवेगळ्या एपिसोडचे तुकडे एकात एक घुसवलेले असतात, त्यावरून एका टास्कचा निकाल काढायला जाऊच नका. पुढच्या भागाचा छोटा प्रोमो हा आपला मुख्य कच्चा माल. आणि तिसरा प्रकार म्हणजे एपिसोडच्या एक-दोन दिवस आधी येणारी दोन-तीन मिनिटांची सलग क्लिप. ही मिळाली तर सोनं समजा, कारण तिच्यात कट कमी असतात आणि प्रसंग बऱ्यापैकी जसा घडला तसा दिसतो.

अजून एक फरक म्हणजे शो आधीच शूट होऊन संपलेला आहे का रोजच्या रोज चालू आहे. आधीच संपलेल्या शोमध्ये एडिटरकडे अख्खा सीझन असतो आणि लपवायला भरपूर वेळ. रोज दाखवल्या जाणाऱ्या शोचे प्रोमो घाईत कापलेले असतात, त्यात मागच्या कोपऱ्यात स्कोअरबोर्ड किंवा कॅप्टनचा बॅज राहून जायची शक्यता जास्त.

२. प्रोमो न बघता पहिला आकडा लिहा

दोन टीम असतील तर प्रत्येकीची जिंकायची शक्यता ५० टक्के. तीन टीम असून एकच टीम हरणार असेल तर प्रत्येकीची हरायची शक्यता ३३ टक्के. वैयक्तिक टास्कला १० जण उरले असतील तर प्रत्येकी १० टक्के. एवढं साधं असूनही लोक हे करत नाहीत, आणि मग प्रोमोत एखाद्याचे दोन शॉट दिसले की तोच जिंकणार असं थेट ८० टक्क्यांवर उडी मारतात, १० वरून ८० वर जायला किती भक्कम पुरावा लागतो याचा विचारच होत नाही.

नियमही इथेच तपासा. किती टीम हरणार? रिवॉर्ड (बक्षीस) आणि इम्युनिटी (बाहेर जाण्यापासून संरक्षण) एकाच टास्कमध्ये आहे का वेगळं? मोठ्या टीमला कोणाला बाहेर बसवावं लागतंय? सर्व्हायव्हरमध्ये सहसा एकच माणूस लागोपाठच्या दोन टास्कना बाहेर बसू शकत नाही, त्यामुळे एका टास्कला बाकावर कोण बसलंय ते दिसलं की पुढच्याला कोण खेळणारच हे कळतं. टीमचा सगळ्यात कच्चा पोहणारा पाण्याच्या टास्कला अडकला असेल तर ५० चे ४० करायला हरकत नाही.

३. पहिल्यांदा आवाज बंद करून बघा

दोन-तीन वेळा, आवाज पूर्ण बंद. संगीत आणि होस्टचा आरडाओरडा गेला की अर्धी भीती जाते आणि नुसती माणसं पळताना दिसतात. मला याचा फायदा इतका झाला की आता मी पहिल्यांदा आवाज लावून प्रोमो बघतच नाही, कारण एकदा का डोक्यात बसलं की ‘ब्ल्यू टीमची वाट लागलीय’ मग डोळे तेच शोधतात.

४. फ्रेम फ्रेम करून बघा

२५ फ्रेमच्या हिशोबाने ३० सेकंदांच्या प्रोमोत ७५० फ्रेम होतात. सगळ्या बघायची गरज नाही, प्रत्येक कटच्या लगेच आधीच्या आणि नंतरच्या आणि सगळे लांबून घेतलेले शॉट नीट बघा. जवळच्या शॉटमध्ये एडिटरने काय दाखवायचं ते ठरवलेलं असतं, लांबच्या शॉटमध्ये मागे काय काय येऊन बसलंय यावर त्याचं एवढं लक्ष नसतं.

काय शोधायचं, माझ्या अनुभवात कामाला आलेल्या क्रमाने:

नेकलेस, मूर्ती, बॅज, एप्रन. बक्षिसाची वस्तू कोणाकडे आहे यासारखा पुरावा नाही. टास्कनंतरच्या कॅम्पमधल्या शॉटमध्ये खांद्याजवळ नेकलेसची दोरी दिसली तरी पुरे. बऱ्याच कुकिंग शोमध्ये काळा एप्रन म्हणजे तो माणूस एलिमिनेशनला आलाय, म्हणजे त्याच एपिसोडमधलं आधीचं टास्क तो हरला हे कळलं. फक्त नेकलेस याच आठवड्याचा आहे ना ते कपडे आणि जखमा बघून पक्कं करा.

ट्राइबल काउन्सिलला, म्हणजे मतं टाकून एकाला बाहेर काढतात त्या बैठकीला, कोण बसलंय. टीम असतानाच्या टप्प्यात हरलेली टीमच तिथे जाते. एका खांद्याचा, एका केसांच्या बुचड्याचा शॉट असला तरी मागच्या एपिसोडशी ताडून बघा. सगळे वैयक्तिक खेळायला लागले की सगळेच तिथे जातात, मग हा पुरावा निरुपयोगी होतो आणि फक्त नेकलेस उरतो.

ओलं-कोरडं, चिखल, वाळू. यावरून टास्कमधला क्रम लागतो. माणूस पझलपाशी उभा आहे आणि कपडे ठिबकताहेत, म्हणजे तो आत्ताच पाण्यातून आलाय. शेजारची टीम पझलवर आहे आणि कपडे अर्धे वाळलेत, म्हणजे एक तर ती केव्हाची आलीय आणि अडकलीय, किंवा तो शॉट बराच नंतरचा आहे.

मोजता येण्यासारखं काहीही: लावलेले तुकडे, उरलेल्या पिशव्या, सुटलेल्या गाठी, चढलेले झेंडे. दोन्ही टीम एकाच फ्रेममध्ये असतील तर मोजून लिहून ठेवा. दोन वेगळ्या फ्रेममधल्या दोन टीमची तुलना करू नका, त्यांच्यात किती वेळ गेलाय ते तुम्हाला ठाऊक नसतं.

सावल्या आणि उजेड. सावली लांब होत गेलीय का यावरून कुठला शॉट आधीचा ते कळतं, विशेषतः तग धरून उभं राहायच्या टास्कमध्ये. सर्व्हायव्हरच्या २००५ च्या पलाऊ सीझनमध्ये शेवटचं टास्क जवळजवळ १२ तास चाललं होतं, इयन रोझेनबर्गर खाली उतरला तेव्हा टॉम वेस्टमन जिंकला, उन्हात सुरू झालेलं टास्क रात्री संपलं. अशा टास्कच्या प्रोमोत अंधारातल्या शॉटमध्ये कोण उभं आहे हे दिवसाच्या दहा शॉटपेक्षा मोलाचं.

एक खबरदारी. आकाशातून घेतलेल्या लांबच्या शॉटमधल्या माणसांवर भरवसा ठेवू नका. सर्व्हायव्हरचे निर्माते मार्क बर्नेट यांनी २००१ मध्ये मान्य केलं होतं की काही प्रसंग खेळाडूंच्या जागी दुसरी माणसं घेऊन परत शूट केले होते, म्हणजे वरून घेतलेल्या शॉटमध्ये कॅमेरावाले दिसू नयेत. टास्क आधी करून बघणारी वेगळी टीमही अशा शोमध्ये असते. चेहरा ओळखू येत नसेल तर तो शॉट पुरावा म्हणून धरू नका.

५. तुकड्यांचा खरा क्रम लावा

आता स्क्रीनशॉट समोर ठेवून प्रोमोचा क्रम पूर्ण विसरायचा आणि टास्कचा क्रम लावायचा: सुरुवातीची रांग, पाणी, अडथळे, पझल, शेवट. इथे दोन सापळे आहेत.

पहिला, एका प्रोमोत दोन टास्क मिसळलेले असतात. एपिसोडमध्ये रिवॉर्ड आणि इम्युनिटी वेगवेगळे असतील तर एकातला जल्लोष आणि दुसऱ्यातला पराभव शेजारीशेजारी चिकटवतात. मागची फळी, जमीन, दोरांचा रंग, अंगावरचे कपडे बघा, लगेच कळतं.

दुसरा सापळा जल्लोषाचा, आणि मी यात सगळ्यात जास्त वेळा फसलोय. हात वर करून उड्या मारणारी टीम जिंकलेलीच असते असं नाही. पहिली पिशवी सुटली तरी लोक उड्या मारतात, पलीकडच्या टीमचा बुरूज कोसळला तरी मारतात. बघायचं ते हे की उड्या मारताना सगळी टीम एकत्र आलीय का, जे लांब पाण्यात किंवा बाकावर होते तेही धावत आलेत का, आणि मागची दुसरी टीम थांबलीय का अजून खेळतेय. दुसरी टीम हात खाली सोडून उभी असेल तर टास्क संपलंय. ती अजून गाठी सोडत असेल तर काहीच संपलेलं नाही, किंवा तीन टीमपैकी एकच पार झालीय.

६. चेहरे आणि आवाज यांना किती भाव द्यायचा

थोडाच. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांचा शंभर वर्षांपूर्वीचा प्रयोग सिनेमा शिकणाऱ्या प्रत्येकाला सांगतात: एका नटाचा तोच निर्विकार चेहरा एकदा सूपच्या वाटीनंतर, एकदा शवपेटीनंतर, एकदा एका बाईच्या शॉटनंतर दाखवला आणि बघणाऱ्यांना त्यात भूक, दुःख, ओढ असे वेगवेगळे भाव दिसले. प्रोमोतला प्रत्येक ‘रिअॅक्शन’ याच तत्त्वावर चालतो. बुरूज पडला आणि लगेच एखादीने तोंडावर हात ठेवला, पण तो हात कदाचित दोन तास आधी कोणीतरी घसरून पडल्यावर ठेवलेला असेल. बुरूज आणि ती बाई एकाच फ्रेममध्ये आहेत का? नसतील तर सोडून द्या.

रडण्याचंही तसंच. उपाशी, झोप न झालेली, घरापासून लांब असलेली माणसं जिंकल्यावरही रडतात.

आवाजात अजून फसवाफसवी असते. वेगवेगळ्या वेळी बोललेली वाक्यं तोडून एक नवीनच वाक्य तयार करतात, त्याला या धंद्यात ‘फ्रँकनबाइट’ म्हणतात. ओळखायची खूण सोपी आहे: वाक्य सुरू होताना माणूस दिसतो, मध्येच दुसराच शॉट येतो आणि वाक्य त्या शॉटवर संपतं, बऱ्याचदा मागच्या लाटांचा किंवा वाऱ्याचा आवाजही बदलतो. माझा नियम असा की ओठ हलताना सलग दिसलं तेवढंच त्या माणसाने म्हटलं असं धरायचं. होस्टच्या ‘रेड टीम खूप मागे पडलीय!’ ला पण हेच, ते टास्कच्या कुठल्या मिनिटाला म्हटलंय ते माहीत नसतं आणि चांगला होस्ट दर दोन मिनिटांनी कोणालातरी मागे पाडतच असतो.

आता यावर नवीन लोक एक डाव काढतात: प्रोमोत रेड हरताना दाखवलीय म्हणजे नक्की रेड जिंकणार. कधीकधी बरोबर येतं हे, चुरस दाखवायला मागे पडलेली टीमच दाखवतात हे खरं आहे, पण एडिटरलाही ठाऊक असतं की तुम्ही उलटा विचार करता. मी अशा गोष्टीला पाचेक टक्क्यांच्या वर किंमत देत नाही.

७. काय दाखवलं नाही ते लिहा

पझलचा एकही शॉट नसेल तर निकाल बहुतेक पझलवर लागलाय आणि तिथे जे झालं ते त्यांना लपवायचंय. वैयक्तिक टास्कमध्ये ज्याचा एकही शॉट नाही त्याला यादीतून काढू नका, उलट त्याचा पहिला आकडा तसाच ठेवा. टास्कनंतरच्या सगळ्या शॉटमध्ये एखाद्याचा गळ्यापासून खालचा भाग सतत फ्रेमच्या बाहेर ठेवलेला दिसला, तर नेकलेस तिथे असू शकतो. ही खूण मला दोनतीनदाच सापडली पण सापडली तेव्हा बरोबर निघाली.

८. टक्के लिहा, एपिसोडच्या आधी, तारखेसकट

‘मला वाटतं ब्ल्यू’ असं लिहू नका. ‘ब्ल्यू जिंकेल, ६५ टक्के’ असं लिहा आणि खाली कारणं. समजा, दोन टीम आहेत, पहिला आकडा ५०. एका लांबच्या शॉटमध्ये दोन्ही टीम पझलवर दिसतात, ब्ल्यूचे नऊ तुकडे लागलेत आणि रेडचे पाच, म्हणून ६२. प्रोमोच्या शेवटी ब्ल्यूचा एक जण म्हणतो ‘आज आमचं संपलं’, पण ‘संपलं’ म्हणताना तोंड दिसत नाही, म्हणून त्याचे शून्य. रात्रीच्या कॅम्पच्या शॉटमध्ये रेडची एक मुलगी बॅग भरतेय, लाल टीम ट्राइबलला निघाली असावी, पण तो शॉट मागच्या आठवड्याचाही असू शकतो, म्हणून ७० वर थांबायचं. हाच नेकलेससारखा थेट पुरावा असता तर ९० वर गेलो असतो.

१०० कधीच लिहू नका. सर्व्हायव्हरच्या पहिल्याच सीझनला, २००० मध्ये, प्रेक्षकांना चॅनलच्या वेबसाइटवर असे फोटो सापडले की १६ पैकी १५ खेळाडूंच्या चेहऱ्यांवर फुली आणि फक्त जर्व्हेस पीटरसनवर नाही. यापेक्षा पक्का पुरावा कुठला असणार? जर्व्हेस सातव्या नंबरवर बाहेर गेला आणि रिचर्ड हॅच ४ विरुद्ध ३ मतांनी जिंकला. तेव्हा पुरावा जितका आयता हातात आला तितका जास्त तपासायचा.

इथेच एक कळकळीने सांगतो, या आकड्यांवर पैसे लावू नका. बऱ्याचदा शो आधी शूट झालेला असतो, शेकडो लोकांना निकाल माहीत असतो, आणि तुम्ही पैज कोणाशी लावताय ते तुम्हाला कळणार नाही. तसंच खेळाडूंना किंवा त्यांच्या घरच्यांना मेसेज करून विचारू नका, त्यांनी गुप्ततेचा करार केलेला असतो, मोडला तर भुर्दंड त्यांना बसतो. आणि ज्याला आधी कळायला नकोय त्याच्यासमोर तोंड उघडू नका, त्याच्या आठवड्याची मजा जाते.

९. एपिसोड झाल्यावर हिशोब करा

हवामानाचे अंदाज किती बरे ते मोजायला ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये एक पद्धत मांडली, ती इथे चपखल बसते. तुमचे टक्के दशांशात लिहा, घटना घडली तर १, नाही घडली तर ०, दोघांतला फरक काढून त्याचा वर्ग करा. ८० टक्के म्हटलं आणि तसंच झालं तर फरक ०.२, वर्ग ०.०४. ६० म्हटलं आणि झालं नाही तर ०.३६. ७० म्हटलं आणि झालं तर ०.०९. तिन्हींची सरासरी साधारण ०.१६. आकडा जितका लहान तितकं चांगलं. दोन टीम असताना डोळे मिटून दर वेळी ५० म्हणणाऱ्याला ०.२५ मिळतो, तीन टीममध्ये दर वेळी ३३ म्हणणाऱ्याला सरासरी ०.२२, म्हणजे तुमचा आकडा त्याच्या खाली आला तरच प्रोमो बघून तुम्हाला काहीतरी कळलं.

दहा-बारा एपिसोड झाले की वहीतली कारणं वेगवेगळी काढा: नेकलेस, ओले कपडे, तुकड्यांची संख्या, चेहरे, होस्टचं वाक्य. प्रत्येकाने किती वेळा बरोबर दिशा दाखवली ते मोजा. माझ्या वहीत चेहरे आणि वाक्यं निम्म्या वेळाही बरोबर निघाली नव्हती, आणि मी पहिला अख्खा सीझन त्यांच्यावरच अंदाज बांधत होतो. तुमच्या शोला वेगळं निघू शकतं, प्रत्येक शोची प्रोमो कापायची सवय वेगळी असते, म्हणून नवीन सीझन सुरू झाला की पहिले दोन-तीन एपिसोड अंदाज लिहायचे पण आकडे पहिल्या आकड्याच्या जवळच ठेवायचे, आणि एपिसोड झाल्यावर प्रोमो परत लावून कुठला शॉट कुठून उचलला होता ते एकेक करून बघायचं.